हिशेबाची नोंद कुठे ठेवावी? फाइल आणि डेटाबेस यांच्यातील निवडीचा इतिहास

प्रस्तावना

घरखर्चाचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर हा पदवीच्या प्रकल्पासाठी नेहमी निवडला जाणारा विषय आहे. विषय सोपा वाटतो, पण पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न समोर येतो. नोंदी साध्या फाइलमध्ये ठेवायच्या की डेटाबेसमध्ये? बहुतेक वेळा याचे उत्तर त्या सत्रात कोणता विषय शिकवला जात आहे, यावरून ठरते. डेटाबेस शिकवत असतील तर डेटाबेस, नाही तर फाइल.

या पाठात आपण या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. घरचा हिशेब दीर्घायुषी असतो. गृहकर्ज वीस वर्षे चालते, भविष्य निर्वाह निधीचे खाते नोकरी संपेपर्यंत चालते, आणि जमीन किंवा शेअर विकताना मूळ खरेदीची नोंद कित्येक वर्षांनी शोधावी लागते. तेवढ्या काळात संगणक चार-पाच वेळा बदलतो आणि ज्या कार्यक्रमात हिशेब लिहिला तो कार्यक्रमही बंद पडू शकतो. म्हणून साठवणीची निवड करताना वेगाचा विचार पुरेसा नाही. तुमची नोंद वीस वर्षांनी तुम्हाला वाचता येईल का, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

१. संगणकापूर्वीची दोन पुस्तके: कीर्द आणि खतावणी

इटलीतील लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिस येथे आपला गणितावरील मोठा ग्रंथ छापला. त्यातील एका भागात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत त्याने मांडली. ही पद्धत पाचोलीने शोधली नव्हती. ती आधीपासून वापरात होती आणि त्याने ती सुसंगतपणे लिहून काढली. त्याने तीन वह्या सांगितल्या आहेत. पहिली कच्ची वही, तीत व्यवहार घडताच टिपायचा. दुसरी रोजनामा, तीत तोच व्यवहार तारखेच्या क्रमाने नीट लिहायचा. तिसरी खातेवही, तीत प्रत्येक व्यवहार त्या त्या खात्याच्या पानावर न्यायचा.

भारतात ही विभागणी अनोळखी नाही. मराठीत तारीखवार वहीला कीर्द किंवा रोजकीर्द म्हणतात आणि खातेवार वहीला खतावणी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशा रोजकीर्दी मोठ्या संख्येने आहेत. गुजरातीत रोजमेळ आणि हिंदीत बही-खाता हे शब्द तुमच्यापैकी अनेकांनी घरी ऐकले असतील.

या दोन वह्यांमधला फरक लक्षात घ्या. कीर्दीत फक्त शेवटी भर पडते, मागचे पान पुन्हा लिहिले जात नाही. खतावणी मात्र शोधण्यासाठी असते. 'दुधवाल्याचे किती देणे आहे?' हा प्रश्न कीर्दीला विचारला तर सगळी पाने चाळावी लागतात, खतावणीत एकच पान उघडावे लागते. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर कीर्द ही क्रमाने वाढणारी फाइल आहे आणि खतावणी ही तिच्यावरची अनुक्रमणिका. खतावणी हरवली तर कीर्दीवरून ती पुन्हा तयार करता येते. कीर्दच हरवली तर खतावणीतले आकडे ताडून पाहण्याचा मूळ आधार जातो.

पाचोलीने आणखी एक काम सांगितले आहे. रोजनाम्यातील नोंद खातेवहीत नेली की रोजनाम्यात त्या नोंदीवर रेघ मारायची. नावे बाजू नेली की एक रेघ, जमा बाजू नेली की दुसरी. कारकून मध्येच उठून गेला तरी कोणती नोंद अर्धवट राहिली, हे या रेघांवरून कळते. आजच्या डेटाबेसमध्ये याच गरजेसाठी जी सोय असते, ती आपण पुढे पाहू.

२. डेटाबेसचा जन्म आणि 'व्यवहार' ही कल्पना

१९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांचे हिशेब संगणकावर गेले. त्या वेळी प्रत्येक कार्यक्रमाची स्वतःची फाइल असे आणि नोंद फाइलमध्ये नेमकी कुठे आहे, हे कार्यक्रमालाच माहीत असावे लागे. फाइलची रचना बदलली की कार्यक्रम बदलावा लागे. १९७० साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी संबंधात्मक प्रतिमानाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. वापरणाऱ्याला माहिती यंत्रात कशी मांडली आहे हे माहीत असण्याची गरज पडू नये, हा त्यातला मुख्य मुद्दा. पुढे आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत सिस्टिम आर हा प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून एसक्यूएल ही भाषा आली.

हिशेबाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची कल्पना म्हणजे 'व्यवहार'. समजा, तुम्ही बँकेतून २,००० रुपये काढले. बँक खात्यातून २,००० कमी व्हायला हवेत आणि रोख खात्यात २,००० वाढायला हवेत. पहिली नोंद झाल्यावर वीज गेली तर २,००० रुपये कुठेच दिसणार नाहीत. म्हणून दोन्ही नोंदी मिळून एक व्यवहार मानायचा: तो पूर्ण होईल किंवा मुळीच होणार नाही. जिम ग्रे यांनी ही कल्पना विकसित केली. १९८३ साली थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी व्यवहाराच्या चार गुणांना मिळून 'ॲसिड' हे संक्षिप्त नाव दिले. हे चार गुण म्हणजे अविभाज्यता, सुसंगती, अलगपणा आणि टिकाऊपणा.

मराठीत हिशेबातल्या आणि डेटाबेसमधल्या या दोन्ही गोष्टींना आपण 'व्यवहार' हाच शब्द वापरतो, आणि ते योग्यच आहे. डेटाबेस बदल करण्यापूर्वी किंवा करताना एक नोंदपत्र लिहितो आणि यंत्र बंद पडल्यास त्यावरून अर्धवट काम पूर्ण करतो किंवा मागे घेतो. पाचोलीच्या रेघांचे काम आता यंत्र करू लागले.

३. घरगुती संगणकावर फाइल का आली?

आयबीएमचा पीसी १९८१ साली बाजारात आला. त्या काळच्या सव्वापाच इंची फ्लॉपीवर ३६० किलोबाइट माहिती मावत असे. सर्व्हरवर चालणारा डेटाबेस अशा यंत्रावर बसणे शक्यच नव्हते. १९८३ साली स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी इंट्युइट ही कंपनी स्थापन केली आणि चेकबुकासारखा दिसणारा क्विकन हा कार्यक्रम आणला. भारतात १९८६ साली श्यामसुंदर गोयंका आणि भरत गोयंका यांनी बंगळूरमध्ये ज्या कंपनीची सुरुवात केली, तिचा टॅली हा कार्यक्रम छोट्या व्यापाऱ्यांच्या दुकानांत पोचला. टॅलीही स्वतःच्याच फाइल-रचनेत माहिती ठेवत आला आहे. दुकानदाराला वेगळा डेटाबेस सर्व्हर बसवावा लागला नाही, हे त्याच्या प्रसाराचे एक कारण मानता येईल.

अशा खास फाइल लहान आणि वेगवान असत, पण त्या फक्त त्याच कार्यक्रमाला वाचता येत. माहिती बाहेर काढण्यासाठी क्विकनने क्यूआयएफ हे मजकुरी स्वरूप दिले. त्यात प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर असते. तारखेसाठी एक, रकमेसाठी एक, ज्याला पैसे दिले त्याच्या नावासाठी एक. हे स्वरूप इतर अनेक कार्यक्रमांनी स्वीकारले. पण त्यात दोन उणिवा होत्या. तारखेची पद्धत निश्चित नसल्यामुळे ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे फाइलवरून ठरत नसे. शिवाय एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळवली तर ती दोन्ही खात्यांच्या फाइलमध्ये येई आणि नव्या कार्यक्रमात दुप्पट मोजली जाण्याचा धोका असे. फाइल मजकुरी असली म्हणजे तिचा अर्थ सुरक्षित राहतोच असे नाही, हा यातला धडा.

मायक्रोसॉफ्टचा मनी हा कार्यक्रम १९९१ पासून होता. तो ज्या फाइलमध्ये माहिती ठेवत असे, ती मायक्रोसॉफ्टच्या जेट या डेटाबेस इंजिनाच्या एका रूपावर आधारलेली होती. म्हणजे साठवण डेटाबेसची, पण तिची रचना बाहेरच्यांसाठी खुली नव्हती. जून २००९ मध्ये कंपनीने या उत्पादनाची विक्री थांबवत असल्याचे जाहीर केले. २०१० मध्ये जुन्या वापरकर्त्यांसाठी एक मोफत शेवटची आवृत्ती दिली गेली, जेणेकरून त्यांना आपल्या फाइल उघडता याव्यात. ज्यांचा अनेक वर्षांचा हिशेब त्या फाइलमध्ये होता, त्यांची स्थिती विचारात घ्या. माहिती त्यांच्याच संगणकावर होती, तरी ती वाचण्याची किल्ली दुसऱ्याकडे होती.

४. ग्नू-कॅश: एकाच कार्यक्रमातील दोन्ही मार्ग

ग्नू-कॅश हा मुक्त स्रोत कार्यक्रम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. आपल्या विषयासाठी हे सर्वांत उपयुक्त उदाहरण आहे, कारण या एकाच कार्यक्रमात दोन्ही मार्ग वापरून पाहिले गेले.

त्याची नेहमीची साठवण एक्सएमएल फाइलमध्ये असते. कार्यक्रम सुरू होताना संपूर्ण फाइल स्मृतीत वाचली जाते आणि 'जतन करा' म्हटल्यावर संपूर्ण फाइल पुन्हा लिहिली जाते. जुनी प्रत तारीख-वेळ असलेल्या नावाने बाजूला ठेवली जाते. शिवाय प्रत्येक बदलाची एक वेगळी नोंद-फाइल चालू असते. यंत्र मध्येच बंद पडले तर ती नोंद-फाइल पुन्हा चालवून हरवलेले बदल परत आणता येतात. म्हणजे फाइल वापरणाऱ्या कार्यक्रमानेही शेवटी कीर्द ठेवलीच.

डिसेंबर २०१० मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीत एसक्यूलाइट, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठवण्याची सोय आली. खाती, व्यवहार, व्यवहाराच्या बाजू, चलने आणि किमती यांची वेगवेगळी कोष्टके झाली. प्रत्येक बदल लगेच साठवला जाऊ लागला.

मात्र अनेकांची अपेक्षा होती तसे घडले नाही. डेटाबेस आला म्हणजे नवरा-बायको दोघे एकाच वेळी दोन संगणकांवरून हिशेब लिहू शकतील, असा समज होता. पण ग्नू-कॅशची मूळ रचना सगळी माहिती सुरुवातीलाच स्मृतीत घेण्याची आहे आणि डेटाबेस वापरतानाही ती तशीच राहिली. त्यामुळे एका वेळी एकच वापरकर्ता, ही मर्यादा कायम राहिली. खालचा थर बदलला म्हणून वरच्या कार्यक्रमाचा स्वभाव आपोआप बदलत नाही. तुमच्या प्रकल्पात 'आम्ही डेटाबेस वापरला' एवढे लिहून भागणार नाही, याचे हे कारण आहे.

ग्नू-कॅशकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. रक्कम तो दशांश अपूर्णांक म्हणून साठवत नाही, तर अंश आणि छेद असे दोन पूर्णांक ठेवतो. द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या अचूक मांडता येत नाही, त्यामुळे बेरजेत पैशापैशाचा फरक साचू शकतो. तुम्ही फाइल निवडा किंवा डेटाबेस, रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा.

५. मधला मार्ग: एसक्यूलाइट

२००० साली रिचर्ड हिप यांनी एसक्यूलाइट प्रसिद्ध केले. ते त्या वेळी अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवरील एका प्रणालीवर काम करत होते. डेटाबेस सर्व्हर बंद असला की त्यांचा कार्यक्रमही अडून बसे. सर्व्हरच नको, डेटाबेस थेट डिस्कवरची एक फाइल असावी, ही कल्पना त्यातून आली. त्यामुळे 'फाइल की डेटाबेस' हा प्रश्न जुन्या अर्थाने उरला नाही. एसक्यूलाइटचा डेटाबेस ही एकच फाइल असते, पेन ड्राइव्हवर नेता येते, आणि तरीही तिच्यात व्यवहाराचे चारही गुण असतात. २००४ पासून तिसऱ्या आवृत्तीचे फाइल-स्वरूप स्थिर आहे. स्रोत सर्वांसाठी खुला असल्यामुळे किल्ली कुणा एकाकडे नाही.

साध्या फाइलमध्ये हे गुण आणायला किती काळजी लागते, हे २००९ मध्ये दिसले. लिनक्समध्ये ईएक्सटी४ ही नवी फाइल-प्रणाली आली होती. ती माहिती डिस्कवर थोड्या उशिराने लिहीत असे. अनेक कार्यक्रम जुनी फाइल रिकामी करून त्याच नावाने नवी लिहीत. मधल्या क्षणात यंत्र बंद पडले की शून्य बाइटची फाइल उरत असे. योग्य रीत अशी: आधी दुसऱ्या नावाने पूर्ण फाइल लिहायची, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करायची, मगच नाव बदलून जुन्या फाइलची जागा घ्यायची. तुम्ही फाइल निवडणार असाल तर या तीन पायऱ्या गाळू नका.

एसक्यूलाइटच्याही मर्यादा आहेत. त्यात दशांश रकमेसाठी खास प्रकार नाही. जमा आणि नावे बाजू समान असल्या पाहिजेत, हा नियम अनेक ओळींवर पसरलेला असतो. एका ओळीपुरती मर्यादा घालणारी तपासणी तो राखू शकत नाही, त्यामुळे तो तुमच्या कार्यक्रमानेच राखायचा असतो. आणि चालू कार्यक्रमाची फाइल क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवली तर अर्धवट लिहिलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर जाण्याचा धोका असतो.

६. कीर्दीकडे परत: साध्या मजकुरातला हिशेब

२००३ साली जॉन विगली यांनी लेजर हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्यात डेटाबेस नाही आणि नोंदी भरण्यासाठी खिडक्याही नाहीत. तुम्ही साध्या मजकूर-संपादकात नोंदी लिहिता, कार्यक्रम त्या फक्त वाचतो आणि अहवाल देतो. तो तुमच्या फाइलला हात लावत नाही. समजण्यासाठी देवनागरीत लिहिलेली नोंद साधारण अशी दिसेल:

२०२४/०६/०५ किराणा दुकान
    खर्च:किराणा        ६४० रु.
    मालमत्ता:बँक      -६४० रु.

ही सरळ कीर्द आहे. खतावणी दर वेळी नव्याने तयार होते. २००७ मध्ये सायमन मायकल यांनी याच धर्तीवर एचलेजर सुरू केला. पुढे मार्टिन ब्ले यांचा बीनकाउंट आला आणि या पद्धतीचा एक छोटा संप्रदायच तयार झाला. ही पद्धत आज कशी परवडते, हे आकडेमोडीने पाहा. रोज १० व्यवहार धरले तर वर्षाला ३,६५० आणि वीस वर्षांत ७३,००० होतात. देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात, म्हणून व्यवहारामागे ३०० बाइट धरू. एकूण साधारण २२ मेगाबाइट. फ्लॉपीच्या काळात हे ओझे होते, आज एका छोट्या व्हिडिओपेक्षा ते कमी आहे. म्हणजे घरच्या हिशेबासाठी 'माहिती फार आहे म्हणून डेटाबेस' हे कारण टिकत नाही.

मजकूर-फाइलचा आणखी एक फायदा म्हणजे गिटसारख्या साधनाने कोणती ओळ कधी बदलली हे दिसते. या गोष्टीचे महत्त्व कायद्यानेही ओळखले आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा मागोवा ठेवणे बंधनकारक आहे. घरच्या हिशेबाला हा नियम लागू नाही, पण त्यामागचे तत्त्व लागू आहे. चुकीची नोंद पुसू नये, उलट नोंद करून दुरुस्त करावी. मात्र शिस्त नसलेल्या माणसाच्या हातून मजकुरात खात्याचे नाव एकदा 'किराणा' आणि एकदा 'किराणामाल' असे पडू शकते. बीनकाउंटमध्ये खाते आधी उघडल्याची नोंद करावी लागते, ती यासाठीच.

७. निवड कशी करावी?

इतिहासावरून पुढील चार प्रश्न निघतात. आपल्या प्रकल्पाच्या अहवालात त्यांची उत्तरे लिहा.

१. एकाच वेळी किती जण लिहिणार? एकच असेल तर फाइल किंवा एसक्यूलाइट पुरेसे. अनेक असतील तर सर्व्हरचा डेटाबेस घ्या, आणि कार्यक्रमाची रचनाही त्यासाठी तयार करा.

२. नोंद लिहिताना वीज गेली तर काय होईल? डेटाबेस हे काम सांभाळतो. फाइल निवडली तर ते तुम्हाला सांभाळावे लागेल.

३. तुमचा कार्यक्रम नसेल तेव्हा ही नोंद कोण वाचू शकेल? मजकूर सर्वांत सोपा. एसक्यूलाइट खुले असल्यामुळे त्यानंतर. स्वतःचे गुप्त स्वरूप सर्वांत शेवटी.

४. मागचे बदल दिसतील का? खतावणी सुंदर असली तरी तिच्यामागे कीर्द हवी.

घरातल्या एका व्यक्तीसाठी कार्यक्रम करणार असाल तर एसक्यूलाइटमध्ये साठवण आणि दर महिन्याला संपूर्ण हिशेब साध्या मजकुरात बाहेर काढण्याची सोय, ही जोडी बहुतेक प्रकल्पांना पुरते. पहिली रोजच्या कामासाठी, दुसरी वीस वर्षांनंतरच्या वाचकासाठी. आणि तो वाचक बहुधा तुम्हीच असाल.

विचारासाठी प्रश्न

१. खतावणीवरून कीर्द पुन्हा तयार करता येईल का? कोणती माहिती हरवेल?
२. ग्नू-कॅशमध्ये डेटाबेस येऊनही एका वेळी एकच वापरकर्ता का राहिला, ते स्पष्ट करा.
३. तुमच्या घरी जुनी हिशेबाची वही असेल तर तिची रचना पाहा. तीत तारीखवार आणि खातेवार नोंदी वेगळ्या आहेत का? तिच्यासाठी कोष्टके आखा.